कोविन: शिस्तीच्या माणसाला सोयीची लसनोंदणी

करोना लसीकरणाच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने उभारलेली कोविन ही सेवा मोठ्या व्यापाची होती आणि तिने तो व्याप पेलला, हे आधी मान्य केले पाहिजे. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या मोहिमेने १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. त्यांची नोंद, दुसऱ्या मात्रेची आठवण आणि लगेच उतरवून घेता येणारे प्रमाणपत्र ही कामे या प्रणालीने केली.

माझा आक्षेप वेगळा आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी १८ वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी खुली झाली, तेव्हा लस हवी असलेल्या माणसाला पिनकोड टाकून पुन्हा पुन्हा केंद्र शोधावे लागे, ओटीपी येताच भरावा लागे आणि दिसलेली वेळ काही मिनिटांत संपण्यापूर्वी पकडावी लागे. मराठीतून पाहण्याची सोय तर जून २०२१ मध्ये आली. हे सारे चिकाटीने करणारा माणूस मुळातच नेटका आणि वेळ पाळणारा असतो. मानसशास्त्रज्ञ स्वभावाचे जे पाच मुख्य घटक मानतात, त्यांतली कर्तव्यदक्षता आणि सौहार्द ज्यांच्यात अधिक, ते मुखपट्टी आणि अंतराचे नियम काहीसे अधिक पाळतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले. माणसांत रमणाऱ्या बहिर्मुख व्यक्तींना अंतर राखणे अधिक जड गेले. मात्र हा फरक एकंदरीत लहान असतो. सरकारवरचा विश्वास, घरापासून केंद्राचे अंतर आणि बुडणारा रोज यांचे वजन बहुधा त्याहून जास्त भरते. नोंदणीच जर स्वभावाची परीक्षा घेऊ लागली, तर मुळात लहान असलेला हा फरक सेवा स्वतःच वाढवते, आणि चालढकल करणाऱ्या माणसाला आपण उगाच लसविरोधक समजू लागतो.

२४ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली, हा मला या सेवेतला सर्वांत शहाणा बदल वाटतो. केंद्रावरचे काम मी जवळून पाहिले आहे. लस घेतल्यावर अर्धा तास थांबण्याच्या खोलीत कोणी घड्याळाकडे पाहत पूर्ण वेळ बसत, तर कोणी दहाव्या मिनिटाला पिशवी उचलून दाराकडे निघत. “काका, चक्कर आली तर रस्त्यात कोण बघणार? बसा जरा,” असे परिचारिका म्हणाल्या की तेच गृहस्थ मुकाट्याने परत बसत. भिंतीवरच्या सूचनेने जे साधले नव्हते, ते एका आपुलकीच्या वाक्याने साधे. नोव्हेंबर २०२१ मधील ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आरोग्यसेविका आणि आशाताई लसीचा डबा घेऊन दारोदार फिरल्या, त्यामागेही हीच समज होती.

नेटक्या, फोन सराईतपणे हाताळणाऱ्या माणसासाठी मी कोविनला पाचपैकी साडेचार गुण देईन. इतरांसाठी, जागेवरची नोंदणी धरूनही, तीनच. बालकांच्या व गरोदर स्त्रियांच्या लसीकरणासाठी त्याच धर्तीवर आलेल्या यू-विनमध्ये फोनवरच्या आठवणीबरोबरच, तारीख चुकलेल्यांची यादी आशाताईंच्या हाती वेळेवर पडेल आणि त्या घरी जाण्याचा मोबदला त्यांना नीट मिळेल, एवढे मात्र पाहायलाच हवे.