फक्त बॉडी द्या, काका

गेल्या रविवारी वरळीच्या रेंजवर एक मुलगा बाकावर बसून रायफलच्या दस्त्याचे स्क्रू सोडत होता. विचारलं, काय रे, काय झालं? म्हणाला, "कामाला द्यायचीय काका. बोल्ट आणि दस्ता घरी ठेवायचा, नुसती बॉडी द्यायची." बॉडी म्हणजे रायफलचा मधला लोखंडी भाग, नळी त्यालाच जोडलेली; बोल्ट म्हणजे त्यात मागेपुढे सरकणारा, गोळी भरायचा दांडा. माझ्या पोटात गोळाच आला. याच वाक्यावर मी बत्तीस हजारांना बुडालो होतो. लाजेपायी वर्षभर गप्प बसलो, आता लिहितो.

लाज अशासाठी की मी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हे. भांडुपच्या कारखान्यात टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली. चार भोकं पाडून त्यांत आटे मारणं मी झोपेतही केलं असतं. पण बंदुकीच्या बॉडीला हात लावायचा तर दुरुस्तीचा वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे आहे तो बाळगण्याचा. म्हणून स्वतः ड्रिल लावलं नाही. एवढा कायदा पाळला आणि पुढच्याच पायरीवर घसरलो.

रायफल जुनी, परदेशी बनावटीची, .२२ बोल्ट ॲक्शन. बॉडीवरची ११ मिलिमीटरची खाच झिजलेली, त्यामुळे त्यावर बसणारी मागची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, कितीही आवळली तरी वीस-पंचवीस गोळ्यांत कलायची. साइट एक दशांश मिलिमीटर बाजूला गेली की पन्नास मीटरवर गोळी सहा-सात मिलिमीटर भरकटते, आणि टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ मुळात १०.४ मिलिमीटर व्यासाचं. तेव्हा वर साइट धरणारी स्टीलची पट्टी, म्हणजे रेल, चार स्क्रूंवर बसवायची आणि बॉडीची खालची बाजू दस्त्यात डुगडुगत होती ती सपाट करून घ्यायची, असं ठरवलं.

ओळखीतून साकीनाक्याचा एक गाळेवाला मिळाला. "लायसन्सवाल्या दुकानांचं काम माझ्याकडेच येतं," म्हणाला. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट दाखवली, सपाटपणा तपासायचं डायल लावून काटा कसा हलत नाही ते दाखवलं. टूलरूमच्या माणसाला स्वच्छ मशीन दाखवलं की तो पाघळतो. परवाना बघायचं मी विसरलो नाही, विचारलं होतं. तेव्हाच तो म्हणाला, "काका, बोल्ट तुमच्याकडे, दस्ता तुमच्याकडे. बॅरलसकट बॉडी म्हणजे नुसता लोखंडी पाइप. त्याला कसलं लायसन्स?" पटलं मला. अठरा हजार ॲडव्हान्स दिले. पावती नाही.

सात आठवड्यांनी, रिक्षा स्टँडजवळ, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बॉडी हातात आली. वरून काळी कुळकुळीत, रेल बसलेली, सोबत मोजमापांचा छापील कागद. उरलेले चौदा हजार तिथेच मोजून दिले.

घरी येऊन उलटी केली. देण्याआधी खालच्या बाजूला मी मार्करने एक तिरपी रेघ मारली होती. जॉब बाहेर देताना मारायची ती जुनी सवय. रेघ जशीच्या तशी. म्हणजे खालून मशीनचा स्पर्शही नाही, आणि कागदावर मात्र सपाटपणा पाच मायक्रॉन!

मग स्क्रू बघितले. पुढचा एक सोल्डरिंग आयर्नने जरा तापवला तर बोटांनी फिरून बाहेर आला. दीड आटा जेमतेम, खाली अरल्डाइटचा पिवळा थर, भोक दोन मिलिमीटरही खोल नाही. त्याच्या शेजारचाही तसाच. मागचे दोन खरे होते, पण आट्यांमधलं अंतर तपासायचं पिच गेज लावलं तर इंचाला ४८ आट्यांचं पान बसेना, मधून उजेड दिसे. ०.६ मिलिमीटरचं मेट्रिक पान चपखल बसलं. या कामाला रूढ असलेला, आणि मी लिहून दिलेला, स्क्रू ६-४८, म्हणजे सहा नंबरचा, इंचाला ४८ आट्यांचा. दोन्हींची जाडी सारखीच, साडेतीन मिलिमीटर. नुसत्या डोळ्याला कळायचं नाही. बाजारात मिळालेला आटे पाडायचा टॅप त्याने दामटला होता.

फोन केला. शांतपणे म्हणाला, "जा ना पोलिसात. आधी तुम्ही सांगा, बॉडी माझ्याकडे आली कशी?"

सगळी गोम इथेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग येतात. बोल्ट घरी ठेवला काय न ठेवला काय, मी विनापरवाना माणसाच्या हाती शस्त्रच दिलं होतं. तो धंदा करतो आपल्या अज्ञानावर, आणि टिकतो आपल्या भीतीवर. शेवटी भाच्याने, तो वकील आहे, समजावलं आणि मागच्याच महिन्यात मी लेखी तक्रार दिली, माझी चूक आधी लिहून.

त्याआधी रायफल एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने पहिल्यांदा लायसन्स मागितलं, रजिस्टरमध्ये रायफलचा नंबर उतरवला, पावती फाडली आणि मगच पिशवी उघडायला सांगितली. दहा मिनिटं गेली असतील. मागची दोन भोकं त्याहून जाड ८-४० स्क्रूच्या मापाला मोठी करून वाचतील म्हणाला. पुढची दोन रेषेतच नाहीत. वेल्डिंगने भरू का, असं मी विचारलं तर माझ्याकडे असा बघत राहिला की टूलरूमची सव्वीस वर्षं पाण्यात गेली. उष्णता दिली की बॉडीचं हार्डनिंग गेलंच.

त्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने मुकाट्याने स्क्रू परत आवळले. काम कोणाला देणार होतास विचारलं, तर मोबाइल पुढे केला. नाव वेगळं होतं. नंबराचे शेवटचे चार आकडे मला पाठ आहेत.