ईएसआयचा प्रसूती लाभ: नऊ दिवस कमी पडले त्याची हकीकत

बाळंतपणासाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होते. ज्यांच्या पगारातून दरमहा ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जातो, त्यांना त्या रजेचे पैसे कंपनी देत नाही, ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून थेट आपल्या बँक खात्यात येतात आणि त्यासाठीचा दावा आपणच करायचा असतो, हे मात्र मला सातव्या महिन्यात कळले. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्याच्या स्टोअर विभागात काम करते. 2024 च्या जानेवारी ते जुलै या काळात मी या सेवेचा लाभ घेतला. पहिली रक्कम हाती येईपर्यंत रजेचे 112 दिवस उलटून गेले होते. तो उशीर कुठे आणि का झाला, हे नीट मांडले तर दुसऱ्या एखादीचे हेलपाटे वाचतील, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

आधी योजनेबद्दल. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. माझ्या 18,200 रुपयांच्या पगारातून महिन्याला 137 रुपये जात होते आणि कंपनी 592 रुपये भरत होती. या एवढ्याशा कपातीवर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पूर्ण सरासरी वेतन मिळते. 2017 पूर्वी हा काळ 12 आठवड्यांचा होता. यांतील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. दिवस मोजताना रविवार आणि सणाच्या सुट्ट्या वगळल्या जात नाहीत, म्हणजे पूर्ण 182 दिवसांचे पैसे मिळतात. कमी पगाराच्या नोकरीत इतका भक्कम आधार देणारी दुसरी सोय माझ्या पाहण्यात नाही, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यामुळे माझे हे मत जराही बदललेले नाही.

यासाठी अट एकच आणि तशी सोपी आहे. प्रसूती ज्या लाभ कालावधीत (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर) येते, त्याआधी पूर्ण झालेल्या लगतच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान 70 दिवसांचे अंशदान, म्हणजे कामगार आणि मालक भरतात तो वाटा, जमा असावे लागते. अंशदानाचे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे असतात. माझी तारीख फेब्रुवारी 2024 ची होती, म्हणून माझ्यासाठी ऑक्टोबर 2022 ते सप्टेंबर 2023 हे वर्ष धरले जाणार होते. त्या वर्षात जुलैचा एक महिना सोडला तर मी अखंड नोकरीत होते. जून 2023 पर्यंत चाकणच्या एका कंपनीत होते आणि 1 ऑगस्टपासून भोसरीत. त्यामुळे 70 दिवसांची मला काळजीच वाटली नव्हती.

ईएसआयच्या दवाखान्यातून संभाव्य प्रसूतीच्या तारखेचा दाखला घेऊन 23 जानेवारीपासून मी रजेवर गेले. दावा 2022 पासून ऑनलाइन भरता येतो, तसा तो भरला, आणि काही दिवसांनी शाखा कार्यालयातून निरोप आला की अंशदानाचे दिवस अपुरे असल्यामुळे तुम्ही पात्र ठरत नाही. नववा महिना लागलेला असताना रिक्षाने मी त्या कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने एकच ओळ दाखवली: ऑगस्ट 31, सप्टेंबर 30, एकूण 61. त्याआधीच्या महिन्यांची जागा रिकामी होती. "ताई, नऊ दिवस कमी आहेत," त्या म्हणाल्या. मी पिशवीतून चाकणच्या नोकरीच्या पगारपावत्या काढल्या. प्रत्येक पावतीवर ईएसआयची कपात छापलेली होती. त्यांनी एक पावती हातात घेतली, वरच्या कोपऱ्यातला विमा क्रमांक वाचला, पडद्यावरचा क्रमांक पुन्हा पाहिला आणि दोन्ही क्रमांक एका कागदावर एकाखाली एक लिहून तो कागद माझ्यापुढे सरकवला. ते दोन वेगवेगळे क्रमांक होते.

सगळा उशीर या दोन क्रमांकांतून आला. विमा क्रमांक माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो आणि नोकरी बदलली तरी तोच पुढे चालवायचा असतो. चाकणला माझी नोंद माहेरच्या नावाने झाली होती, म्हणजे माझे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव. लग्नानंतर आधार कार्डावर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. भोसरीला रुजू होताना तिथल्या कार्यालयीन कर्मचाऱ्याने आधी कुठे ईएसआय होता का, हे विचारले नाही. आधारवरच्या नावाने त्याने नवी नोंदणी केली आणि मला नवे पहचान कार्ड हातात दिले. मीही ते मुकाट्याने घेतले, कारण नवी नोकरी म्हणजे नवे कार्ड असाच माझा समज होता. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे पहिले नाव तेवढे जुने राहते, काही घरांत तेही राहत नाही. कागदोपत्री आपण एकाच्या दोघी होतो, आणि ते सरळ करून घेण्याचे काम नेमके पोटुशी असताना किंवा ओली बाळंतीण असताना अंगावर येते, याचे मला आजही फार वाईट वाटते.

दोन्ही क्रमांक एकत्र करण्यासाठी त्या कार्यालयाने विवाह नोंदणीचा दाखला, आधारची प्रत, जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कंपन्यांची शिक्क्यासह पत्रे आणि माझा अर्ज मागितला. ही यादी ऐकायला लहान असली, तरी तिच्यातला प्रत्येक कागद वेगळ्या दारावर होता. 10 फेब्रुवारीला मी माहेरी फलटणला गेले आणि 17 तारखेला तिथल्या खासगी रुग्णालयात मुलगी झाली. पुढचे सगळे हेलपाटे माझ्या नवऱ्याने घातले. चाकणच्या कंपनीने तीन आठवड्यांनी पत्र दिले, पण त्यात कामावर रुजू झाल्याची तारीख चुकीची होती, म्हणून ते पुन्हा करून घ्यावे लागले. भोसरीच्या कंपनीला तर आपली चूक झाली आहे, हेच मान्य नव्हते. पत्र दिले तर आपल्यावर दंड बसेल, अशी तिथल्या माणसाची समजूत होती. फलटणच्या डिस्चार्ज कार्डावर आणि जन्म दाखल्यावर आमच्या भागातल्या ईएसआय दवाखान्याच्या डॉक्टरांची सही आणायला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला डॉक्टर शिबिराला गेलेले होते.

रुग्णालयाचे बिल आईने तिच्या भिशीच्या पैशांतून भरले. घरभाडे नवऱ्याच्या पगारातून गेले आणि बाकीचा खर्च उसनवारीवर चालला. मार्च सरला तरी खात्यात एक रुपया आलेला नव्हता, आणि "फाइल वर पाठवली आहे" याखेरीज दुसरे उत्तर मिळत नव्हते. त्या दिवसांत मुलगी रात्रभर जागायची आणि मी तिला मांडीवर घेऊन मोबाइलवर दाव्याची स्थिती पुन्हा पुन्हा उघडून बघायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही विचारण्याची पद्धत बदलली आणि त्यानंतर काम पुढे सरकले. तोवर नवरा खिडकीवर जाऊन पैसे कधी येतील, एवढेच विचारत असे. आता त्याने लेखी अर्ज दिला. फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे, ती कोणत्या तारखेला तिथे गेली आणि कोणता कागद कमी आहे, अशी तीन सरळ वाक्ये त्यात होती. अर्जाच्या प्रतीवर त्याने आवक शिक्का घेतला. त्याच दिवशी मी केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली, त्यात दोन्ही विमा क्रमांक लिहिले आणि पगारपावत्या जोडल्या. परिपूर्ण दावा मिळाल्यानंतर प्रसूती लाभाचा पहिला हप्ता 14 दिवसांच्या आत द्यावा, असे ईएसआयच्या नियमांत आहे. तेही तक्रारीत लिहिले. नवव्या दिवशी फोन आला. भोसरीच्या कंपनीच्या पत्रावर सही होती, पण सही करणाऱ्याचा हुद्दा लिहिलेला नव्हता, आणि तेवढ्यासाठी फाइल थांबली होती. हे आम्हाला महिनाभर आधी कोणी सांगितले असते, तर एका दुपारचे काम होते.

14 मे रोजी माझ्या खात्यात 63,280 रुपये जमा झाले. हिशेब असा होता: एप्रिल ते जून 2023 या तीन महिन्यांचे 16,500 प्रमाणे 49,500 आणि ऑगस्ट-सप्टेंबरचे 36,400, म्हणजे एकूण 85,900 रुपये, भागिले 152 दिवस. दिवसाला 565 रुपये पडले आणि 13 मेपर्यंतच्या 112 दिवसांचे पैसे एकदम आले. जुना क्रमांक जोडला गेला नसता, तर हा भागाकार मांडायची वेळच आली नसती. उरलेल्या 70 दिवसांचे 39,550 रुपये त्यानंतर दोन हप्त्यांत, कुठलीही विचारणा न करता आले. या भागाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

पाच तारे द्यायचे झाले, तर लाभाला मी पाचही तारे देईन. मला भेटलेल्या कार्यालयीन कामकाजाला दोन देईन, आणि त्यांतला एक त्या खिडकीवरच्या बाईंचा आहे, कारण दोन क्रमांकांची गोष्ट त्यांनी पाच मिनिटांत शोधून काढली. वजा केलेले तीन तारे गप्प बसलेल्या फाइलीसाठी आहेत. त्रुटी असेल तर ती दावेदाराला त्याच दिवशी कळवली पाहिजे. बाळंतिणीला दोन महिन्यांनी दुसरीकडून ती शोधून काढावी लागता कामा नये. या योजनेत वडिलांसाठी कोणताही लाभ नाही, याचीही खंत आहे. सगळे कागद गोळा करणाऱ्या माझ्या नवऱ्याने स्वतःची आठ दिवसांची वार्षिक रजा यात संपवली आणि लेकीच्या बारशाला तो आदल्या रात्री उशिरा पोहोचला.

ज्या दावा करणार आहेत, त्यांनी दिवस गेल्याचे कळताच ईएसआयच्या पोर्टलवर आपले अंशदान महिन्यावार तपासून घ्यावे. रिकामा महिना दिसला तर कारण लगेच शोधावे, कारण तिसऱ्या महिन्यात चाकणला जाणे जमते, नवव्यात जमत नाही. लग्नानंतर नाव बदललेले असेल तर ईएसआय, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवर एकच नाव आहे ना, हे पाहावे. नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी जुना विमा क्रमांक स्वतःहून लिहून द्यावा, विचारण्याची वाट पाहू नये. माहेरी बाळंतपण करायचे असेल, तर खासगी रुग्णालयाचे कोणते कागद चालतील आणि त्यांवर कोणाची सही लागेल, हे जाण्याआधीच आपल्या दवाखान्यात विचारून ठेवावे.

मी 23 जुलैला कामावर रुजू झाले. ऑगस्टमध्ये आमच्या स्टोअरमध्ये एक नवी मुलगी आली, तिचेही नुकतेच लग्न झाले आहे. नोंदणीचा अर्ज भरताना मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्या जुन्या पगारपावतीवरचा दहा आकडी क्रमांक तिला मोठ्याने वाचून दाखवला.