नवा ए१६ आयपॅड: ३४,९०० रुपयांत काय येतं आणि काय येत नाही

निकाल आधीच सांगून टाकतो. पुस्तकं वाचायला, लेक्चर पाहायला, पीडीएफवर खुणा करायला टॅब हवा असेल तर १२८ जीबीचा वाय-फाय आयपॅड घ्यायला हरकत नाही. चित्रं काढायची असतील, लॅपटॉपची कामं उरकायची असतील, किंवा ऐन मे महिन्यात गच्चीवर अन् गाडीत तो वापरायचा असेल, तर थांबा.

ॲपलने हा टॅब ४ मार्च २०२५ ला जाहीर केला आणि १२ मार्चपासून तो विक्रीला आला. याच्या आधीचा, म्हणजे दहाव्या पिढीचा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,९०० रुपयांना आला होता, तोही फक्त ६४ जीबीचा. मे २०२४ मध्ये त्याची किंमत ३४,९०० वर आली. नवा त्याच ३४,९०० मध्ये १२८ जीबी घेऊन आलाय. ए१४ च्या जागी ए१६ चिप आहे, रॅम ४ वरून ६ जीबी झालीय. चिपपेक्षा रॅमचा फरक रोजच्या वापरात जास्त कळतो: एकीकडे दोन-तीनशे पानांची पीडीएफ आणि दुसरीकडे ब्राउझर उघडा ठेवला, तर परत आल्यावर पान पुन्हा लोड होत बसत नाही. ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलची एआय सुविधा, मात्र यावर चालत नाही. त्याला ए१७ प्रो किंवा एम मालिकेतली चिप लागते. त्यासाठी जीव जाळण्यात अर्थ नाही.

खरी काटकसर स्क्रीनमध्ये केलीय. २३६० बाय १६४० पिक्सेल, ५०० निट्सचा ब्राइटनेस, अक्षरं रेखीव. पण काच आणि आतला डिस्प्ले चिकटवलेले नाहीत, मध्ये बारीकशी पोकळी आहे. टॅबवर लिहायची पेन्सिल टेकवली की पोकळ ‘टक’ असा आवाज येतो आणि तिरकं पाहिलं तर रेघ टोकापासून केसभर बाजूला उमटल्यासारखी दिसते. मुद्दे लिहायला, ओळी रंगवायला याने काही अडत नाही. आकृत्या काढणाऱ्याला मात्र हे पहिल्याच दिवशी खटकतं. वर टेम्पर्ड ग्लास लावली की हे अंतर आणखी वाढतं. या पोकळीचा एक फायदाही आहे: नुसती काच फुटली तर बाहेरचा कारागीर तेवढीच काच बदलू शकतो, पूर्ण डिस्प्ले बदलायची वेळ येत नाही.

काचेवर परावर्तन कमी करणारा थर नाही, त्यामुळे अभ्यासिकेतली डोक्यावरची ट्यूबलाइट थेट पानावर दिसते. मॅट स्क्रीन गार्डने हे बरंच आटोक्यात येतं. पण त्याने पांढऱ्या पानावर बारीक दाणे दिसायला लागतात आणि पेन्सिलचं टोक लवकर झिजतं. जास्त लिहिणाऱ्यांनी मॅट लावावं, जास्त वाचणाऱ्यांनी साधी काच.

आता नागपूरचा खास प्रश्न, ऊन. ॲपलने वापरासाठी दिलेली तापमानाची मर्यादा ० ते ३५ अंश आहे आणि बंद ठेवून साठवायची ४५ पर्यंत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सावलीतच ४२-४५ असतं, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, तर विचारूच नका. टॅबमध्ये पंखा नसतो. उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पाठीतूनच बाहेर जाते. बाहेरची हवाच तापलेली असली की पाठ थंड होत नाही, मग चिप स्वतःचा वेग कमी करते, स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं आणि शेवटी ‘थंड होऊ द्या’ असा इशारा देऊन टॅब अडून बसतो. लोकांना वाटतं टॅब बिघडला. तो बिघडलेला नसतो, बॅटरी वाचवत असतो. कूलर किंवा एसीच्या खोलीत ही वेळ सहसा येत नाही. व्हिडिओ कॉल, पूर्ण ब्राइटनेस आणि चार्जिंग हे तिन्ही एकाच वेळी, तेही जाड रबरी कव्हरात, इथे गडबड होते.

इशारा आलाच तर चार्जर काढा, कव्हर काढा, पंख्याखाली पालथा ठेवा. फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर आत दव धरतं. स्कूटीच्या डिक्कीत किंवा उन्हात लावलेल्या कारमध्ये दुपारभर ठेवू नका, तिथलं तापमान ५० च्या वर सहज जातं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. कूलरच्या अगदी तोंडाशीही नको. पाण्यापासून संरक्षणाचं कोणतंही मानांकन या टॅबला नाही आणि गवताच्या जाळीतून उडणारे तुषार यूएसबी-सीच्या खाचेत बसतात. घामेजलेल्या बोटाला वरच्या बटणातलं टच आयडी नीट ओळखत नाही. एकच बोट दोनदा नोंदवून ठेवलं की त्रास कमी होतो.

पेन्सिलच्या बाबतीत दुकानात सर्वांत जास्त घोळ होतो. या आयपॅडवर दोनच ॲपल पेन्सिल चालतात: यूएसबी-सीची, ७,९०० रुपयांची, आणि पहिल्या पिढीची, जिला जोडायला वेगळं ॲडॅप्टर लागतं. दुसऱ्या पिढीची आणि पेन्सिल प्रो चालत नाही, कुणी कितीही सवलत दिली तरी. यूएसबी-सीच्या पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणजे जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. ती कडेला चुंबकाने चिकटते, पण तिथे चार्ज होत नाही; टोपण सरकवून केबल लावावी लागते. फक्त नोट्स काढायच्या असतील तर दीड-दोन हजारांतली दुसऱ्या कंपनीची, हाताचा तळवा टेकला तरी चालणारी पेन्सिल पुरते.

कीबोर्डचं गणित तर सरळच चुकीचं आहे. ॲपलचा मॅजिक कीबोर्ड फोलिओ २४,९०० रुपयांचा. टॅब धरून ५९,८०० झाले. त्याच दिवशी जाहीर झालेला एम३ चिपचा ११ इंची आयपॅड एअर ५९,९०० ला आला, त्याची स्क्रीन चिकटवलेली आहे आणि त्यावर पेन्सिल प्रोही चालते. टायपिंगच करायचं तर साधा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या.

ऑफिसच्या कामाला हा घेणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. वर्ड-एक्सेल १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर फुकटात संपादन करू देतं. हा त्याहून मोठा आहे, त्यामुळे फाइल फक्त वाचता येते, बदलायला मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरावी लागते. ॲपलची पेजेस आणि नंबर्स ही ॲप्स फुकट आहेत, पण गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी त्यात हलते. दुसरी गोष्ट कृतीदेव या जुन्या फॉन्टची. टायपिस्टकडून आलेली कृतीदेव किंवा श्रीलिपीतली वर्ड फाइल इथे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो फॉन्ट यात नसतो. युनिकोडमधली फाइल मागा, नाहीतर पीडीएफ. हायकोर्टात किंवा तहसिलीत ज्यांची कामं असतात त्यांना हा त्रास रोजचा होईल.

स्टोरेजचं म्हणाल तर एका तासाचं लेक्चर साधारण अर्धा ते एक जीबी घेतं. शंभर लेक्चर साठवली तर १२८ जीबी भरत आलं म्हणून समजा. पण म्हणून दहा हजार जास्त मोजून २५६ जीबीचा, ४४,९०० चा घेऊ नका. एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट केलेला यूएसबी-सी पेन ड्राइव्ह फाइल्स ॲपमध्ये सरळ उघडतो. पोर्ट जुन्या यूएसबी २ च्या वेगाचं आहे, म्हणून २० जीबी हलवायला आठ-दहा मिनिटं लागतात, एवढंच. क्लासच्या ॲपमधली लेक्चर मात्र बाहेर काढता येत नाहीत. बऱ्याच क्लासेसची ॲप्स फक्त फोनसाठी बनवलेली असतात, ती आयपॅडवर मधोमध छोट्या चौकटीत उघडतात. फी भरण्याआधी ॲप स्टोअरमध्ये ‘आयपॅड’ लिहिलंय का ते पाहा.

सेल्युलर मॉडेल ४९,९०० चं आहे. त्यात सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम, आणि साधा फोन कॉल होत नाही. १५ हजार त्यासाठी मोजण्यापेक्षा फोनचा हॉटस्पॉट बरा. एवढंच लक्षात ठेवा की वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएस नाही.

अँड्रॉइडमध्ये दोन पर्याय खरोखर तोलून पाहण्यासारखे आहेत. सॅमसंग टॅब एस९ एफई ३६,९९९ ला बाजारात आला, त्यात पेन पेटीतच येतं, धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं आयपी६८ मानांकन आहे, मेमरी कार्ड बसतं. त्याची चिप आयपॅडच्या तुलनेत बरीच मागे आहे. शाओमी पॅड ७ चं नॅनो टेक्स्चरवालं मॉडेल ३२,९९९ ला १२ जीबी रॅम आणि २५६ जीबी देतं, आणि त्याची मॅट काच खिडकीशी बसून वाचणाऱ्याला आयपॅडपेक्षा सुखाची आहे. पेन ५,९९९ वेगळे. तरीही चार-पाच वर्षं एकच टॅब वापरायचा असेल तर पारडं आयपॅडकडे झुकतं. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडलाही २०२४ मध्ये आलेली आयपॅडओएस १८ ही प्रणाली मिळाली.

नागपूरच्या बर्डीच्या बाजारात घेताना एक खबरदारी. नवा आणि दहाव्या पिढीचा आयपॅड बाहेरून हुबेहूब सारखे आहेत, रंगसुद्धा तेच चार: निळा, गुलाबी, पिवळा, चंदेरी. कव्हरही एकमेकांचं बसतं. पेटी काउंटरवरच उघडून घ्या, सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जा आणि ‘आयपॅड ए१६’ असं नाव दिसतंय का ते पाहा. तिथलाच मॉडेल नंबर एम अक्षराने सुरू व्हावा. एफ म्हणजे रिफर्बिश्ड, दुरुस्त करून पुन्हा विकलेला; एन म्हणजे बदलून दिलेला. शेवट एचएन/ए असेल तर माल भारताचा. भारतातल्या पेटीत २० वॅटचा चार्जर आणि केबल असते. नसेल तर कुणीतरी पेटी आधी उघडलीय. मग पेन्सिलने किंवा बोटाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळू तिरकी रेघ ओढा, कुठे तुटली तर तिथेच परत करा. आणि जीएसटीच्या बिलावर सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदाराकडे दहाव्या पिढीचा ६४ जीबीचा जुना माल पडून असेल अन् तो २५ हजारांच्या आत देत असेल, तर नुसतं वाचणाऱ्याने तो घ्यावा. त्याच्या वर एक रुपयाही नाही.