बर्थ सहा, बेल्ट चार: मोटरहोममध्ये मुलांच्या सीट हंगामभर वापरल्यानंतर

ब्रिटनमध्ये सेकंडहँड मोटरहोमची, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीची, जाहिरात उघडलीत की पहिला आकडा दिसतो बर्थचा. फोर बर्थ, सिक्स बर्थ, म्हणजे रात्री किती माणसं झोपतील ते. धावत्या गाडीत किती माणसं बेल्ट लावून बसू शकतील, हा आकडा खाली बारीक अक्षरांत असतो, कधी कधी नसतोच. लहान मुलं असलेल्या घराच्या कामाचा आकडा मात्र हाच. ईस्टरच्या सुट्टीपासून ऑक्टोबरच्या हाफ टर्मपर्यंत (शाळेच्या सत्रामधली सुट्टी) आम्ही आमचं मोटरहोम मुलांना घेऊन भरपूर फिरवलं. गाडी घेण्याआधी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहिते आहे.

गाडी फियाट डुकाटोच्या चेसिसवरची, ३,५०० किलोची, साध्या कार लायसन्सवर चालवता येणारी. मोठा सात वर्षांचा, धाकटी अडीचची. बेल्ट एकूण चार: दोन पुढे केबिनमध्ये आणि दोन टेबलाजवळच्या बाकावर, जिथे बसणाऱ्याचं तोंड गाडीच्या दिशेला असतं. त्याच्या समोरचा बाक आणि मागचा आडवा सोफा यांना बेल्ट नाहीत. ऑक्टोबर २००७ नंतरच्या नव्या मोटरहोममध्ये प्रवासासाठी ठरवलेल्या सीटना बेल्ट असावेच लागतात, पण प्रत्येक गादी म्हणजे प्रवासाची सीट नव्हे. आडव्या सोफ्यावर चाइल्ड सीट कधीच बांधायची नसते. चाइल्ड सीटच्या चाचण्या आडव्या सोफ्यावर होत नाहीत, आणि आडवं बसलेल्या मुलाचं अंग टकरीत कुशीकडे फेकलं जातं.

गाडी बघायला जाल तेव्हा बेल्ट मोजा आणि प्रत्येक बेल्ट ओढून बघा. जुन्या गाड्यांत टेबलाजवळ नुसता कमरेचा बेल्ट असतो. पाठ असलेली बूस्टर सीट (मोठ्या मुलाला उंच बसवणारी) त्यावर चालत नाही, तिला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्टच लागतो. आमच्या बाकाला तो आहे, आणि गाडी घ्यायचं मुख्य कारण तेच होतं.

आता खरा त्रास. बहुतेक पालकांच्या कारमध्ये आयसोफिक्सची, म्हणजे बेल्टऐवजी गाडीच्या सांगाड्यातल्या दोन कड्यांना अडकणारी सीट असते, खट्कन बसते. आमच्या मोटरहोममध्ये आयसोफिक्स नाही. गॅरेजमध्ये दोन कड्या वेल्ड करून घ्याव्यात असा सल्ला आम्हाला मिळाला होता, तो आम्ही मानला नाही. बाकाच्या गादीखाली प्लायवूडची पेटी असते, खरा भार घेते ती आतली पोलादी चौकट. ती चौकट ज्या भारासाठी तपासलेली नाही तो तिच्यावर टाकण्यात अर्थ नाही. शिवाय आयसोफिक्सच्या बऱ्याच सीटना पुढे जमिनीवर टेकणारा पाय असतो. आमच्या बाकापुढची जमीन पोकळ आहे, खाली सामानाचा कप्पा आहे. पोकळ झाकणावर तो पाय टेकवायला सीट बनवणारे मनाई करतात, कारण टकरीत झाकण मोडलं तर पाय असून नसल्यासारखा. म्हणून धाकटीसाठी आम्ही नुसत्या बेल्टनं बसणारी, पाय नसलेली, मागे तोंड करून बसायची सीट घेतली. चाइल्ड सीटच्या आर-१२९ या मानकाप्रमाणे १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, पण चार वर्षांपर्यंत तसंच बसवावं असं जाणकार सांगतात आणि मला ते पूर्ण पटतं. एवढ्या लहान वयात डोकं जड आणि मान कोवळी असते.

सीटचा ब्रँड मुद्दाम सांगत नाही. आमच्या बाकावर घट्ट बसली म्हणून तुमच्या बाकावर बसेलच असं नाही. मोटरहोमची गादी कारच्या सीटपेक्षा जाड, सपाट आणि मऊ असते, त्यामुळे सीट डुलते. बेल्ट आखूडही असतात, आणि मागे तोंड असलेल्या सीटला बेल्ट जास्त लागतो. आणखी एक गोष्ट नीट बघा: बकल गादीच्या फटीतून फार वर आलेलं असेल तर ते सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर वाकडं टेकतं आणि टकरीत तिथेच तुटू शकतं. एक सीट आम्ही याच कारणानं परत केली. दुकानातल्या बाईंनी पार्किंगमध्ये येऊन दोन-तीन सीट लावून दाखवल्या, पण सीट कंपन्यांच्या गाड्यांच्या यादीत मोटरहोम नसल्यानं लेखी काही देता येणार नाही असंही स्पष्ट सांगितलं. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आवडला.

मोठ्यासाठी पाठ असलेली बूस्टर आहे, १०० ते १५० सेंटीमीटर उंचीची. ती लावायला सोपी. इथे कायद्यानं १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, यातलं जे आधी होईल तोपर्यंत चाइल्ड सीट लागते, आणि १४ वर्षांखालच्या मुलाची जबाबदारी ड्रायव्हरची असते. दंड ५०० पौंडांपर्यंत. फेरीनं पलीकडे जर्मनीपर्यंत जाणार असाल तर तिथे १३५ ऐवजी १५० सेंटीमीटर धरा.

टेबलाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं डोकं टकरीत झोकानं पुढे जातं. चाइल्ड सीटच्या चाचणीत बाकाची बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथून ५५० मिलिमीटरपर्यंत डोकं गेलेलं चालतं. आमच्या टेबलाची कड जवळपास तिथेच येते. मुलं रंगवत बसतील म्हणून टेबल लावून ठेवायचा मोह होतो, पण आम्ही गाडी सुरू करण्याआधी ते काढून कपाटातल्या त्याच्या खाचेत अडकवतो आणि वरून पट्टा बांधतो. रंगकाम मांडीवरच्या मऊ ट्रेवर होतं. मुलांच्या डोक्यावरच्या कप्प्यात फक्त कपडे आणि पांघरुणं. डबे, तवा, कुकर, पाण्याच्या बाटल्या सगळं खाली, कडी लावून.

आमचा रोजचा सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे हा बाकच रात्री पलंग होतो. म्हणजे रोज संध्याकाळी दोन्ही सीट काढा, केबिनमध्ये ठेवा, सकाळी पुन्हा बांधा. बेल्टची सीट घाईत बांधली की सैल राहते. गुडघ्यानं गादीत दाबून बेल्ट ओढायचा, मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवून बघायची. तिथे ती हलता कामा नये. हे काम आमच्याकडे एकच माणूस करतं आणि दुसरं तपासतं. कॅम्पसाइटवरून निघायला उशीर होतो, होऊ दे.

थंडीचं पाहा. चालत्या गाडीत केबिनची गरम हवा मागे नीट पोचत नाही, त्यामुळे स्कॉटलंडमध्ये मुलं मागे कुडकुडली. जाड जॅकेट घालून हार्नेस (सीटचे खांद्यावरून येणारे पट्टे) लावला की तो घट्ट वाटतो, पण टकरीत जॅकेट दबतं आणि हार्नेस सैल होतो. म्हणून जॅकेट काढायचं, हार्नेस लावायचा, मग वरून गोधडी. सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेली गोधडी यासाठी उत्तम निघाली.

मुलांना मागे पलंग दिसतो, फ्रिज दिसतो, टॉयलेट दिसतं, सगळं घरच वाटतं. "आई, मी फक्त पाणी घेऊन येतो" हे सुरुवातीला सारखं यायचं. ताशी ५० किलोमीटरला टक्कर म्हणजे १० मीटरवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. मोठ्याला हे आकडे घालून समजावलं तेव्हापासून तो स्वतःच बहिणीला "दादा क्लिक झाला, तू क्लिक झालीस का?" असं विचारतो. दर दोन तासांनी थांबायचं हे ठरलेलं. शू लागली तर पुढच्या सर्व्हिसेसला, म्हणजे हायवेवरच्या थांब्याला. चालत्या गाडीत टॉयलेटचं दार कुणीही उघडत नाही, मी आणि नवरासुद्धा.

उन्हाळ्यात आई-बाबा, म्हणजे सासू-सासरे, आले तेव्हा सहा माणसं आणि चार बेल्ट असा प्रश्न उभा राहिला. बाबा म्हणाले, "अगं, आम्ही जन्मभर एसटीनं फिरलो, मी मागे सोफ्यावर बसतो की." मी त्यांना नम्रपणे नाही म्हटलं. २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. बाबांना ती बातमी चांगली आठवत होती, त्यांनी पुढे वाद घातला नाही. भारतातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर कलम १९४-ब खाली १,००० रुपये दंड आहे, हे मात्र त्यांना नवीन होतं. शेवटी लेक डिस्ट्रिक्टला मी मोटरहोम चालवलं, शेजारी आई, मागे मुलं, आणि नवरा बाबांना घेऊन आमच्या कारनं. इंधन दुप्पट गेलं, पण सहाही जण बेल्टमध्ये होते.

सीट, बेल्ट आणि बाक या व्यवस्थेवर मी समाधानी आहे. तक्रार एकच, रोजच्या काढघालीची. पुढची गाडी घेऊ तेव्हा मागे कायमचे बंक (एकावर एक पलंग) असलेली घेऊ, म्हणजे बाकावर बांधलेल्या सीट सुट्टी संपेपर्यंत जागच्या हलणार नाहीत. आणि गाडी बघायला जाताना दोन्ही सीट बरोबर नेऊ, तिथेच बांधून बघू, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघू.