घरच्या संगणकावर डिस्क लिहिण्यासाठी इम्गबर्न

खानापूर-बेळगाव भागातील भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे किंवा घरच्या लग्नाच्या चित्रफिती डीव्हीडीवर जपून ठेवायच्या असतील, तर इम्गबर्न हे मोफत सॉफ्टवेअर मी निःसंकोच सुचवेन. 4.7 जीबीची डिस्क लिहून झाली, की ते ट्रे एकदा बाहेर काढून आत घेते आणि लिहिलेला मजकूर पुन्हा वाचून मूळ फायलींशी ताडून पाहते. पुन्हा न मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांसाठी ही पडताळणी मला सर्वांत मोलाची वाटते, म्हणून वेळ वाचवण्यासाठी ती कोणीही बंद करू नये. 2013 मधील 2.5.8.0 हीच त्याची शेवटची आवृत्ती आहे. गाडीत ऐकण्यासाठी अभंगांची 80 मिनिटांची ऑडिओ सीडी करायची असल्यास मात्र सीडीबर्नरएक्सपी अधिक सोपे पडते.