कवळीच्या गोळ्या आणि ब्रश: काही महिने रोज वापरल्यावर

फेसाळणारी गोळी पाण्यात टाकली की कवळी आपोआप साफ होते, ब्रश नाही मारला तरी चालतं, असं पाकिटावरचं चित्र बघून वाटतं. तसं होत नाही. गोळी, कवळीचा ब्रश आणि जाळीची डबी हा सगळा संच वरच्या-खालच्या पूर्ण ॲक्रिलिक (एक प्रकारचं प्लास्टिक) कवळीसाठी गेले काही महिने रोज वापरात आहे. दहापैकी गुण द्यायचे तर सात ब्रशला, दोन गोळीला आणि एक डबीला.

आधी ब्रश. कवळीच्या ब्रशला दोन डोकी असतात. रुंद, सपाट डोकं दातांसाठी आणि बाहेरच्या गुलाबी भागासाठी. निमुळता झुपका आतल्या खोलगट बाजूसाठी, म्हणजे जी बाजू हिरडीवर आणि टाळूवर बसते तिच्यासाठी. बहुतेक लोक दात चकचकीत करतात आणि नेमकी हीच बाजू नुसती विसळतात. ती बाजू तोंडात नीट बसावी म्हणून पॉलिश केलेली नसते, त्यामुळे थर तिथेच धरतो. वरच्या कवळीखाली टाळू लालभडक होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा या थरातल्या कँडिडा बुरशीत असतं. सहसा दुखत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळतही नाही. कवळी काढून बॅटरीच्या उजेडात टाळू अधूनमधून बघावा.

किटण धरायच्या दोन जागा ठरलेल्या: खालच्या कवळीत पुढच्या दातांच्या मागची, जिभेकडची बाजू, आणि वरच्या कवळीत दाढांची गालाकडची बाजू. लाळग्रंथींच्या नळ्या तोंडात तिथेच उघडतात आणि लाळेतले क्षार तिथे साचतात. ओल्या कवळीवर या दोन ठिकाणी नख फिरवून बघा. खरखरीत लागलं तर ब्रश तिथे पोचत नाहीये.

टूथपेस्ट नको. नैसर्गिक दाताच्या एनॅमलला जे चालतं, ते मऊ ॲक्रिलिकवर बारीक चरे पाडतं. चऱ्यांत डाग आणि जंतू दोन्ही घर करतात, मग जास्त घासावं लागतं, आणि चरे आणखी वाढतात. दंतमंजन, मिश्री, राख, भांड्यांची पावडर आणि वडी यांचंही तेच. भांड्यांच्या लिक्विडचा किंवा हँडवॉशचा एक थेंब, साधं पाणी आणि हलका हात, एवढं पुरतं. साबणाची चव राहील ही भीती अनाठायी आहे, वाहत्या पाण्याखाली नीट धुतलं की जाते.

कवळ्या तोंडात फारशा तुटत नाहीत, बेसिनवर तुटतात. बेसिनमध्ये चार बोटं पाणी भरा किंवा तळाला जुना नॅपकिन घाला, आणि मगच कवळी हातात घ्या. खालची कवळी नालेसारखी असते. तिची दोन्ही टोकं मुठीत दाबून धरली की मधोमध कडकन मोडते. एका वेळी एकच बाजू चिमटीत धरून घासायची.

चिकटवायची पेस्ट वापरत असाल तर थेट पाण्याखाली धरू नका, ती फुगून बुळबुळीत होते. आधी कोरड्या कागदी रुमालाने पुसून काढा, मग कोमट पाणी आणि ब्रश. हिरडीवर उरलेली पेस्टही ओल्या सुती फडक्याने पुसून घ्यायची.

आता गोळी. तिच्यात साधारणपणे सोडा, सायट्रिक आम्ल आणि ऑक्सिजन सोडणारे परबोरेट, परकार्बोनेट किंवा पर्सल्फेट यांसारखे क्षार असतात. बुडबुडे सैल झालेला थर उचलतात, ऑक्सिजन डाग फिका करतो आणि वास मारतो. जाड चिकट थराच्या आत मात्र ती शिरत नाही, म्हणून क्रम असा: ब्रश, मग गोळी, मग त्याच पाण्यात पुन्हा हलका ब्रश, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुणं. कवळी बुडेल एवढंच कोमट पाणी घ्या, छोट्या वाटीत दीडशे ते दोनशे मिली. मोठ्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात एक गोळी टाकली की द्रावण पातळ होतं आणि मग गोळीला नावं ठेवली जातात. उकळतं पाणी कधीच नाही, ॲक्रिलिक वाकडं होतं आणि कवळी पुन्हा बसत नाही. किती वेळ ठेवायचं ते पाकिटावर असतं, काही गोळ्या काही मिनिटांच्या तर काही रात्रभराच्या. रंगीत गोळीचं पाणी निवळलं म्हणजे कवळी साफ झाली, यावर फार विसंबू नका. तो रंगच ऑक्सिजनने उडतो.

चहाचे ताजे डाग गोळीने छान निघतात. तंबाखू-पानाचे जुने डाग आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या माउथवॉशने चढलेला तपकिरी रंग जवळजवळ तसाच राहतो. तो डेंटिस्टकडे पॉलिश करूनच जातो.

बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या रेघांवर गोळीपेक्षा पांढरं व्हिनेगर सरस. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, अर्धा तास, आठवड्यातून एकदा, मग ब्रश. हे फक्त बिनधातूच्या कवळीला. ब्लीचचा मोह टाळा. अमेरिकन प्रोस्थोडॉन्टिस्टांच्या (कृत्रिम दात बसवणाऱ्या तज्ज्ञांच्या) २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमधल्या मुख्य रसायनात, १० मिनिटांच्या वर ठेवू नका असं स्पष्ट आहे, आणि आपल्याकडच्या बाटलीत तीव्रता किती हे घरी मोजता येत नाही. गुलाबी रंग उडतो, धातू गंजतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा दोन्ही बाटल्या एका कपाटातही नकोत.

तारेच्या किंवा धातूच्या अर्ध्या कवळीला धातूला चालणारी गोळी पाकीट वाचून घ्यावी. निमुळत्या झुपक्याने आकड्यांच्या आतली बाजू साफ करा, पण आकडा ओढू नका. आकडा ज्या दाताला धरतो तो दात सर्वांत आधी किडतो, म्हणून उरलेल्या दातांना मात्र फ्लोराइडची टूथपेस्टच. फ्लेक्सिबल नायलॉनच्या कवळीवर चरे लवकर पडतात, तिथे भिजवण्यावर भर आणि ब्रश अगदी मऊ. आतून मऊ अस्तर लावलेलं असेल तर डेंटिस्टला विचारल्याशिवाय गोळी वापरू नका.

रात्री कवळी काढायचीच. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ ज्येष्ठांच्या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला होता. काढलेली कवळी डबीत पाण्यातच ठेवायची, कोरडी पडली की आकार बदलतो. डबीतलं पाणी रोज बदला आणि डबीही घासा, तिच्या तळाला शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. जाळीमुळे बोटं न बुडवता कवळी निथळता येते, एवढ्यासाठी डबीला तो एक गुण. आजोबांना दवाखान्यात न्यायचं असेल तर डबीवर नाव लिहा. कागदात गुंडाळलेली कवळी कचऱ्यात जाते.

गोळीत पर्सल्फेट असेल तर काहींना त्याची ॲलर्जी होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये यावर इशारा दिला होता. तोंडाची आग, पुरळ, धाप असं काही दिसलं तर बंद करा. विसराळू झालेल्या माणसाच्या हाती पाकीट राहू देऊ नये, गोळी चघळली गेल्याच्या घटना घडल्या आहेत.

पुन्हा घ्याल का? ब्रश नक्की, आणि केस वाकले की लगेच नवा, साधारण तीन महिन्यांनी. गोळ्या रोज परवडत नसतील तर आठवड्यातून दोनदा वापरा, बाकी दिवस साबण-ब्रशवर भागतं. एका पाकिटाची पट्टी पावसाळ्यात दमट होऊन गोळ्या फेसाळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा एकदम मोठा साठा करू नका आणि पट्टी हवाबंद डब्यात ठेवा.