आयटीएक्स की मायक्रो-एटीएक्स? ९९५०एक्ससाठी लहान बोर्ड शोधताना

भाच्याने एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर घेतला आणि मदरबोर्ड घेण्याआधी मला फोन केला. मी नेमकं उलट केलं होतं: आधी कॅबिनेट आवडलं, मग त्यात मावेल तो बोर्ड घेतला. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात माझी एडिटिंगची खोली म्हणजे एक टेबल, दोन मॉनिटर आणि टेबलाखाली आईची पितळी भांड्यांची पेटी, जी हलवायची नसते. त्यामुळे मशीन लहान हवं हे ठरलेलंच होतं. आधी आयटीएक्स, म्हणजे अगदी लहान मापाचा बोर्ड घेतला, दीड वर्ष वापरला, आता त्याहून थोड्या मोठ्या मायक्रो-एटीएक्सवर आहे. तेव्हा मी अगदी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चिपसेट म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप; एक्स८७०, बी६५०, बी८५० ही त्याची नावं. त्याचा घोळ दोन वाक्यांत मिटतो. एक्स८७० नाव भारदस्त असलं तरी त्यात बी६५० आणि बी८५० सारखीच एकच चिप असते. दोन असतात त्या पुढे ‘ई’ लागलेल्या एक्स८७०ईवर. एक्स८७०वर यूएसबी४ हे वेगवान पोर्ट हमखास मिळतं, त्या वेगाची बाहेरची ड्राइव्ह रोज लावत असाल तर द्या ते पैसे. मी लावत नाही.

आयटीएक्सवर रॅमचे दोनच स्लॉट म्हणून लोक हळहळतात. मला त्यात फारसं दुःख दिसत नाही. एएम५ या सॉकेटवर चार स्टिक भरल्या की या प्रोसेसरसाठी एएमडीचा अधिकृत रॅम-वेग डीडीआर५-३६००वर येतो, दोन स्टिकना ५६०० मिळतो. ४८ जीबीच्या दोन घेतल्या की ९६ जीबी होते, आणि लग्न-मुंजीच्या फुटेजला मला तेवढी कधी कमी पडलेली नाही. माझ्या आताच्या बोर्डावर चार स्लॉट आहेत, दोन रिकामे आहेत, आणि बहुधा रिकामेच राहतील.

उष्णतेचं थोडं वेगळं. हा प्रोसेसर १७० वॉटचा म्हणवतो, पण मोकळा सोडला तर २३०पर्यंत ओढतो. चांगला आयटीएक्स बोर्ड ते पेलतो, नाही असं नाही. माझ्या बोर्डावर त्यासाठी हीटसिंकमध्ये एक चिमुकला पंखा होता. मे महिन्यात दुपारी एक्सपोर्ट लावला की तो कानाशी डास आल्यासारखा गुणगुणायचा. शिवाय धूळ. आमचं शहर २०१७पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं, पण ही बातमी त्या पंख्यापर्यंत पोचली नसावी. शेवटी बायोसमध्ये प्रोसेसरला कमी वीज देणारा १०५ वॉटचा इको मोड लावला. पंखा बराच निवला, आणि एक्सपोर्टला जो जास्त वेळ लागला तो चहा गाळून आणण्याइतका. मोजमाप म्हणाल तर एवढंच केलं.

बोर्ड बदलला तो मात्र या पंख्यापायी नाही.

आयटीएक्सच्या १७० मिलिमीटरच्या चौकोनात एम.२चा, म्हणजे चपट्या एसएसडी ड्राइव्हचा, एक स्लॉट पुढे बसतो, आणि दुसरा बऱ्याच आयटीएक्स बोर्डांवर पाठीमागे, कॅबिनेटच्या पत्र्याकडे तोंड करून. खोक्यावर ‘दोन एम.२’ लिहिलेलं असतं आणि ते खोटं नसतं. ऐन लग्नसराईत माझी ड्राइव्ह भरली. सिल्व्हर मॉलमधून नवी आणली आणि रात्री साडेनऊला, अर्ध्या तासाचं काम म्हणून, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. आधी ग्राफिक्स कार्ड काढलं. मग वायफायच्या अँटेना, मग २४ पिनांचा तो कनेक्टर, जो बोट सोलल्याशिवाय सुटत नाही. बोर्डाचे दोन स्क्रू कूलरच्या सावलीत, म्हणून कूलरही काढला. (आधीच्या एएम४ सॉकेटवर असताना प्रोसेसरच कूलरला चिकटून वर यायचा, ते भय एएम५ने संपवलं, त्याबद्दल आभार.) बोर्ड उलटा केला, ड्राइव्ह बसवली, आणि साबुदाण्याएवढा तो स्क्रू टणकन उडून पेटीखाली गेला. कूलरसाठी पेस्ट काढली तर ट्यूब वाळलेली. आई उठून आली, “एवढ्या रात्री काय मांडून बसलास रे?” मशीन रात्रभर तसंच उघडं पडलं. सकाळी नवरीच्या वडिलांचे दोन फोन घेतले, पोहे खाल्ले आणि दुकानं उघडायची वाट बघत बसलो.

एवढं करून मागची ड्राइव्ह मोठ्या कॉपीला दमायचीच, कारण तिथे वारा शिरत नाही. दुसऱ्या कुणाच्या कॅबिनेटमध्ये शिरतही असेल.

मायक्रो-एटीएक्स म्हणजे जास्तीत जास्त २४४ मिलिमीटरचा चौकोन. माझ्या बी८५०वर एम.२चे तिन्ही स्लॉट समोर आहेत. मागच्या महिन्यात ड्राइव्ह बदलली तेव्हा बाजूची काच काढली, पट्टी उचलली, काम झालं, चहा निवलासुद्धा नव्हता. लहान मापाच्या एसएफएक्स पॉवर सप्लायला जादा पैसे मोजावे लागले नाहीत, साधा एटीएक्स बसला. किंमत मोजली ती जागेत: दहा लिटरच्या कॅबिनेटच्या जागी वीसच्या वरचं आलं, आणि प्रिंटर कपाटावर गेला.

आता भाच्याचं. तो पुण्याला शिकतो, सुट्टीत मशीन सॅकेत घालून रेल्वेने घरी येतो. असं असेल तर आयटीएक्सला पर्याय नाही, आणि मी त्याला अडवलंही नाही. फक्त म्हटलं, मागचा स्लॉट बोर्ड कॅबिनेटमध्ये जायच्या आधीच भर, आणि परवडेल ती सगळ्यात मोठी ड्राइव्ह तिथे घाल.

“मामा, पैसे प्रोसेसरमध्येच संपले रे.”

मग माझाच जुना बोर्ड घेऊन जा म्हटलं. मागे दोन टीबी तशीच आहे. तो लहान पंखा तेवढा पुसून घे, आणि एम.२चे दोन स्क्रू जास्तीचे आण. माझा एक अजून पेटीखालीच आहे.